जमलेल्या मैफलीची तबकडी

ज्येष्ठाच्या अखेरीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यांत प्रवेश करते व खंडाळा तालुक्यांतील लोणंदच्या तळावर विसावते. त्या मुक्कामीं एखाद्या राहुटींत रात्रीं चाललेलें भजन ज्यानें एकदां तरी ऐकलें असेल, त्याला आजच्या माझ्या विषयाची अर्धी ओळख आधींच झालेली आहे, असें मी धरून चालतों. विषय ऐकावयास परका वाटेल. विजेच्या वाद्यांवर, आगाऊ फारसें कांहीं न ठरवितां, तास तास वाजविणारे पाश्चात्य वादकसंघ आणि त्यांच्या प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रिका, हा तो विषय होय. परंतु त्याकडे जाण्याची माझी वाट लोणंदवरूनच गेली, म्हणून आरंभहि तेथूनच करतों.

माझे एक चुलते आमच्या गांवच्या दिंडींत मृदंग वाजवीत असत. कांहीं वर्षांपूर्वीं लोणंदच्या तळावर त्यांचें भजन ऐन रंगांत आलें असतां मीं खिशांतला मोबाईल काढला, टाळकऱ्यांच्या रांगेच्या टोकाशीं उभा राहिलों आणि सोळा मिनिटें तें भजन टिपून घेतलें. त्या सोळा मिनिटांत काय घडलें हें शब्दांत सांगणें कठीण आहे. एका चरणावर मंडळी अडकली ती अडकलीच. विणेकऱ्याचे डोळे मिटलेले, चुलत्यांचे हात दुगणींत, आणि बाहेर उभा असलेला प्रत्येक जण नकळत डोलत असलेला. घरीं येऊन मोठ्या उत्साहानें तें मुद्रण लावलें, तों टाळांच्या खणखणाटाखेरीज कांहींच ऐकूं येईना! गाणाऱ्याचा आवाज विहिरींतून आल्यासारखा, आणि मृदंग तर जणूं शेजारच्या घरांत वाजत असलेला. पुढच्या वारीला चुलते राहिले नव्हते. मुद्रण मात्र राहिलें होतें. तें ठेवावें कीं पुसून टाकावें अशी गोष्ट घरांत निघाली, तेव्हां "त्यांत ऐकूं तर कांहींच येत नाहीं" असें प्रथम ज्यानें म्हटलें, तो मीच होतों.

असें कां झालें, याचें कारण पुष्कळ दिवसांनीं एका जाणकारानें मला समजावून दिलें. माणसाचा कान मैफलींत एकटा नसतो. त्याच्या जोडीला दुसरा कान असतो, डोळे असतात, आणि या सर्वांच्या मागें निवड करणारें मन असतें. आपण मृदंगाकडे पाहिलें कीं मृदंग जवळ येतो, विणेकऱ्याच्या ओठांकडे पाहिलें कीं शब्द उघडे होतात. मायक्रोफोनला ही निवड ठाऊक नाहीं. जें जवळ तें मोठें, जें दूर तें लहान, एवढाच त्याचा न्याय. त्यांतून मोबाईलसारख्या यंत्रांत आणखी एक योजना असते. फार मोठा आवाज आला कीं तो फाटूं नये म्हणून यंत्र आपण होऊन सर्वच आवाज खालीं दाबतें, आणि शांतता झाली कीं हळूहळू पुन्हां वर आणतें. टाळाचा ठोका पडला कीं त्याच्याबरोबर गाणें आणि मृदंग हींहि दाबलीं जातात. तीं वर येऊं पाहतात तोंच पुढचा ठोका! म्हणजे दार उघडण्यापूर्वींच पुन्हां लोटलें जातें. हें दार मीं मनांत नोंदवून ठेवलें. पुढें तें कामास आलें.

आतां मुद्रणाच्या इतिहासाकडे क्षणभर वळूं. ज्याला आपल्या वाडवडिलांनीं 'फोनोची तबकडी' म्हटलें, तींत मैफल कधींच नव्हती. मिरजेस ज्यांचें वास्तव्य होतें त्या अब्दुल करीमखांसाहेबांच्या तबकड्या आजहि आपण आदरानें ऐकतों. परंतु तासभर चालणारा राग त्यांना तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तेवढेंच मावत असे. तें मैफलीचें चित्र नव्हे, अत्तर होय. खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यानंतर अकरा वर्षांनीं, १९४८ सालीं, अमेरिकेंत दीर्घ काळ वाजणारी तबकडी बाजारांत आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं. खरी मैफल तबकडीवर येण्याचा संभव तेथून पुढचा.

या संधीचा लाभ ज्यांनीं पुरेपूर उठविला, त्यांत कॅलिफोर्नियांतील 'ग्रेटफुल डेड' हा वादकसंघ प्रमुख होय. त्यांचें 'डार्क स्टार' हें गीत १९६८ सालीं लहान तबकडीवर निघालें, तेव्हां तें तीन मिनिटांचेंहि नव्हतें. तेंच गीत पुढच्या वर्षीं 'लाइव्ह/डेड' या प्रत्यक्ष मैफलींच्या ध्वनिमुद्रिकेंत तेवीस मिनिटें चालतें! गीत तेंच; मग वाढलें तें काय? वाढलें तें वादकांचें आपसांतील बोलणें. एकानें एक स्वरपंक्ति टाकावी, दुसऱ्यानें ती उचलावी, तिसऱ्यानें तिला निराळें वळण द्यावें, आणि मूळ गीताचें गांव दिसेनासें झाल्यावर सर्वांनीं मिळून परत यावें, असा तो प्रकार. या वादनाला तिकडे 'जॅम' म्हणतात व असें वाजविणाऱ्या संघांना 'जॅम बँड'. पोळीला लावावयाचा मुरंबाहि त्यांच्या भाषेंत जॅमच. आणि आपल्या 'जमणें' या क्रियापदाशीं त्याचें नातें नसावें असेंच भाषापंडित म्हणतील. तरीहि 'आज मैफल काय जमली!' असें आपण म्हणतों, तेव्हां नेमका तोच अर्थ आपल्या मनांत असतो.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या जॅम बँडांना एक नवी शाखा फुटली. फिलाडेल्फियांतील 'डिस्को बिस्किट्स' यांसारख्या संघांनीं नाचघरांतील यंत्रसंगीत आपल्या वादनांत आणलें. सिंथेसायझर, म्हणजे विद्युत्प्रवाहापासून स्वर उत्पन्न करणारें यंत्र. त्याच्या जोडीला एकच आवर्तन अखंड फिरवीत ठेवणारें दुसरें यंत्र. आणि त्यांच्यावर जिवंत वादकांचें वादन. येथें एक अडचण उभी राहते. ती संगीताची आहे, विजेची नव्हे. यंत्र वाजवितें, पण यंत्र ऐकत नाहीं. तबलजी गवयाचा श्वास पाहून थांबतो. आवर्तन फिरविणारें यंत्र कोणासाठींहि थांबत नाहीं. तेव्हां अशा मैफलींत ऐकण्याचें सारें ओझें माणसांवर दुप्पट पडतें. हें ओझें कसें पेललें जातें, हें ज्यांत उघड ऐकूं येतें अशी एक ध्वनिमुद्रिका मला फार मोलाची वाटते, आणि तिच्यांतील एक वादक आपल्याच मुलखाशीं नातें असलेला आहे.

लंडन शहरांत थेम्स नदीच्या कांठीं 'रॉयल फेस्टिव्हल हॉल' नांवाचें सभागृह आहे. तेथें २७ नोव्हेंबर १९८९ रोजीं जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीनें केलेल्या वादनाची ही ध्वनिमुद्रिका. १९९० सालीं ती प्रसिद्ध झाली व सभागृहाचेंच नांव तिला मिळालें. गिटारवर स्वतः मॅक्लॉफ्लिन, बास गिटारवर काय एकहार्ट नांवाचा जर्मनींत जन्मलेला तरुण, आणि तालवाद्यांवर मुंबईचे त्रिलोक गुर्टू. कांटेकोर अर्थानें हा जॅम बँड नव्हे. दुकानदार ही मुद्रिका जाझच्या फळीवर ठेवील. परंतु विजेचीं यंत्रें, मोकळें वादन आणि प्रत्यक्ष मैफल हे तिन्ही गुण येथें इतके निर्मळ एकत्र आले आहेत, कीं नांवावरून भांडण्यांत अर्थ नाहीं.

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म १९५१ सालीं मुंबईस झाला. गंमत अशी, कीं फेस्टिव्हल हॉल उघडला तोहि त्याच वर्षीं. त्यांच्या मातोश्री शोभा गुर्टू. ठुमरी-दादऱ्याच्या या थोर गायिकेची ओळख मराठी श्रोत्यांना करून देण्याचें कारण नाहीं. शोभाताई १९२५ सालीं बेळगांवास जन्मल्या. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांना अल्लादियाखांसाहेबांची तालीम मिळाली होती, आणि अल्लादियाखांसाहेब म्हणजे कोल्हापूर दरबारचे गवई. आमच्या खंबाटकीच्या घाटावरून जो रस्ता दक्षिणेकडे जातो, तो साताऱ्यावरून कोल्हापुरास व तेथून बेळगांवास पोंचतो. त्या रात्रीं लंडनमध्यें वाजलेल्या संगीताचा एक धागा या रस्त्यानें माझ्या गांवावरून गेलेला आहे, ही कल्पना मला सुखावते. मात्र ती माझ्या अभिमानाची गोष्ट झाली, पुराव्याची नव्हे. पुरावा हवा असेल तर तो निराळा आहे. त्रिलोक यांची स्वतःच्या नांवाची पहिली ध्वनिमुद्रिका 'उसफ्रेट' १९८८ सालीं निघाली, आणि तींत पाश्चात्य वाद्यांच्या मेळांत शोभाताई स्वतः गाइल्या आहेत. मुलगा परदेशीं गेला, पण घर बरोबर घेऊन गेला.

आतां त्या रंगमंचाकडे पाहूं. मध्यभागीं खुर्चीवर मॅक्लॉफ्लिन, हातांत नायलॉनच्या तारांची गिटार, जिचा नैसर्गिक आवाज मृदु व थोडा आयुष्याचा असतो. या गिटारला एक यंत्र जोडलेलें आहे. तार छेडली कीं तें तिचीं कंपनें मोजतें, त्यावरून स्वर कोणता हें ठरवितें, आणि तसा हुकूम सिंथेसायझरला देतें. हुकूम मिळतांच तोच स्वर दुसऱ्याच आवाजांत उमटतो. कधीं अनेक कंठांचा सामुदायिक स्वर वाटावा तसा, कधीं वाऱ्यासारखा. परिणाम असा, कीं एकच बोट गिटारचा तुटक स्वरहि काढतें आणि त्याच्यामागें लांब पसरणारा विजेचा स्वरहि काढतें. तानपुऱ्याच्या आधारानें वाढलेल्या आपल्या कानाला त्या पसरत्या स्वराची ओळख लगेच पटते.

या यंत्राची एक खोड मात्र सांगितली पाहिजे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते, म्हणजे तिच्या एका कंपनाला सेकंदाचे बारा सहस्रांश लागतात. एक कंपन पुरें झाल्याखेरीज स्वर कोणता हें यंत्राला कळणारच नाहीं; बहुधा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. सर्वांत बारीक तार सेकंदाला ३३० वेळां हलते, म्हणून तिचा स्वर यंत्र लौकर ओळखतें. सारांश, खर्जाचा यंत्रस्वर नेहमीं जरासा उशिरां येतो. बारा सहस्रांश म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. पण लयीच्या माणसाला विचारा! हवेंतून आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो. दिंडी चौतीस मीटर लांब असेल तर पुढचा ठोका मागच्या टाळकऱ्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरां ऐकूं येतो. म्हणून तर मागचे जाणते टाळकरी कानांवर न विसंबतां पुढच्यांच्या हातांवर आणि पावलांवर नजर ठेवतात. मॅक्लॉफ्लिन यांना असाच विवेक करावा लागतो. जलद तान घ्यावयाची ती मुख्यतः तारेच्या स्वच्छ आवाजांत, आणि यंत्राचा पसरता आवाज उपयोगांत आणावयाचा तो संथ जागीं. मुद्रिकेचा आरंभ माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेंतील 'ब्लू इन ग्रीन' या संथ चिजेनें होतो, तो उगाच नव्हे.

तरी माझें मत विचाराल तर हा यंत्रस्वर या मुद्रिकेंतील सर्वांत लौकर जुनी झालेली गोष्ट आहे. त्या काळीं तो नवा आणि अद्भुत वाटला असेल. आज ऐकतांना मला कधीं कधीं दिवाणखान्यांतल्या कागदी फुलांची आठवण होते. तारेचा आवाज आणि चामड्याचा आवाज मात्र काल वाजविल्यासारखे ताजे आहेत.

आणि चामड्याचा आवाज म्हणजे त्रिलोक गुर्टू. पाश्चात्य ढोलवादक उंच बैठकीवर बसून पायानें मोठा ढोल वाजवितो. गुर्टू तसे बसत नाहींत. ते जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून बसतात; पायानें वाजविण्याचा तो ढोल त्यांच्या मांडणींत नाहीं, आणि पाश्चात्य ढोलांच्या, झांजांच्या शेजारीं तबला असतो. जवळच पाण्यानें भरलेली बादली ठेवलेली असते. वाजत असलेली झांज किंवा शंखशिंपल्यांची माळ ते तींत बुडवितात, आणि पाणी चढतें तसा स्वर वांकतो, ओला होतो, मावळतो. विजेचें यंत्र जें हजारों रुपयांत करतें, तें हा गृहस्थ बादलीभर पाण्यांत करतो! एका बाजूस तीं महागडीं यंत्रें आणि एका बाजूस ही बादली, असा हा रंगमंच होता. आणि दोन्ही साधनें एकाच कामाची होतीं. ठरलेल्या स्वराला ठरलेल्या जागीं राहूं द्यावयाचें नाहीं, हें तें काम.

आधीं ठरलेलें असें या वादनांत किती असतें, असा प्रश्न साहजिकच येतो. ठरलेलें थोडें असतें, पण घट्ट असतें. चिजेचें तोंड, तालाच्या मात्रा, आणि कोणीं कोणाच्या मागून पुढें यावें याचा स्थूल क्रम, एवढा करार. बाकीचें सारें तेथल्या तेथें. हा करार आपल्या भजनाहून फारसा निराळा नाहीं. अभंग सर्वांना पाठ असतो, चाल ठाऊक असते. पण कोणता चरण किती वेळां घोळवावयाचा, मृदंग केव्हां दुगणींत शिरावयाचा, हें कोणीं लिहून ठेवलेलें नसतें. मुद्रिकेंतील 'मदर टंग्ज' म्हणजे 'मातृभाषा' या चिजेंत याचा उत्तम मासला आहे. तींत गुर्टू वाद्य बाजूस ठेवून तोंडानें बोल म्हणूं लागतात. मॅक्लॉफ्लिनहि या भाषेला नवखे नव्हते, अमेरिकेंत एस. रामनाथन यांच्यापाशीं ते वीणा शिकले होते व दाक्षिणात्य तालगणित त्यांनीं मुरवून घेतलें होतें. लंडनच्या श्रोत्यांपैकीं किती जणांना त्या बोलांचा अर्थ ठाऊक असेल? बोलांना अर्थच नसतो, म्हणून सर्वांना तो सारखाच कळतो. तीन वेळां तोच तुकडा म्हणून समेवर येणारी तिहाई ऐकतांना सभागृह ज्या तऱ्हेनें उसळतें, तें ऐकून 'तिहाई कशी ओळखावी' हें कोणाला शिकवावें लागत नाहीं, अशी माझी खात्री झाली.

एकहार्ट यांच्याविषयीं लोक कमी बोलतात. दोन दिग्गजांच्या मधोमध हा तरुण बसलेला. त्याचें काम बहुतांशीं खालून आधार देण्याचें. मींहि पहिल्या कित्येक वेळां त्याच्याकडे लक्ष दिलें नव्हतें. मग एके दिवशीं, केवळ कंटाळा आला म्हणून, गिटार व तालवाद्यें सोडून सारा वेळ त्याचाच खर्ज ऐकत बसलों, आणि ही मुद्रिका माझ्यापुरती नव्यानें जन्मली. गिटार वेगानें धावूं लागली कीं हा आपले स्वर कमी करतो. गुर्टू अवघड हिशेबांत शिरले कीं हा सरळ होतो, म्हणजे दुसऱ्यांना घर सांपडावें म्हणून दिवा लावून ठेवतो. आणि दोघेहि थकून क्षणभर सैल झाले, कीं नेमका त्या वेळीं हा एखादी खट्याळ ओळ टाकून त्यांना पुन्हां जागें करतो. हें कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नव्हतें. हें सारें ऐकण्यांतून आलेलें आहे. पुढें अमेरिकेंत हाच एकहार्ट 'गराज महाल' नांवाच्या अस्सल जॅम बँडचा एक संस्थापक झाला. मोटारखाना आणि ताजमहाल यांची ही थट्टेची संधि! त्या संघानें आपल्या प्रत्यक्ष मैफलींच्या मुद्रिका क्रमांक घालून प्रसिद्ध केल्या. लंडनच्या त्या रात्रीपासून विजेच्या जॅमपर्यंतचा रस्ता असा एका माणसाच्या पावलांनीं आंखलेला आहे.

येथें कोणी विचारील, कीं प्रत्यक्ष मैफलीची म्हणून जी मुद्रिका आपण विकत घेतों, ती खरोखर जशीच्या तशी असते काय? नेहमीं नसते. मोठ्या सभागृहांत प्रत्येक वाद्याला निराळा मायक्रोफोन असतो, प्रत्येकाचा आवाज निराळ्या पट्टीवर उतरतो, आणि नंतर स्वस्थपणें बसून त्या पट्ट्यांचें प्रमाण ठरविलें जातें. श्रोत्यांच्या टाळ्याहि एका पट्टीवर असतात. त्या किती वाढवावयाच्या हेंहि कोणीतरी ठरवितोच. एवढें आवश्यक आहे. लोणंदला मला जें करतां आलें नाहीं तें हेंच. परंतु कित्येकदां त्यापुढें मजल जाते. माइल्स डेव्हिस यांची १९७१ सालची 'लाइव्ह-इव्हिल' ही मुद्रिका घ्या. १९७० च्या डिसेंबरांत वॉशिंग्टन येथें झालेल्या मैफलीचें मुद्रण तींत आहे, आणि त्या मैफलींत पाहुणे म्हणून वाजविणारे गिटारवादक हेच मॅक्लॉफ्लिन होते. निर्माते टेओ मॅसेरो यांनीं त्या फिती कापल्या, जोडल्या, आणि मधून मधून स्टुडिओंतले तुकडे बसविले. कलाकृति म्हणून ती भव्य आहे, हें मीं नाकारीत नाहीं. पण ती मैफल नव्हे. कात्री पहिल्यानें लागते ती चांचपडण्याच्या जागांना. आणि चांचपडण्याच्या जागींच वादक एकमेकांकडे सर्वांत अधिक कान देत असतात. फळ काढतांना देंठ टाकावा हें योग्य. परंतु फळ झाडाला कसें लागलें होतें हें देंठावरूनच कळतें.

मॅक्लॉफ्लिन यांच्याच तीन मुद्रिका ओळीनें ऐकल्या तर मौज वाटते. १९७३ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें 'महाविष्णु ऑर्केस्ट्रा' या आपल्या संघासह त्यांनीं केलेल्या वादनाची एक आहे. ती सारी विजेची, कानठळ्या बसविणारी. तिच्यामागें एक कथाहि आहे. त्याच वर्षीं स्टुडिओंत वाजविलेलें नवें साहित्य संघांतील बेबनावामुळें बाजूस पडलें, आणि त्याऐवजीं ही मैफल प्रसिद्ध झाली. स्टुडिओंतलें तें मुद्रण १९९९ पर्यंत अंधारांत राहिलें. भांडलेलीं माणसें रंगमंचावर एकमेकांना किती तिखट उत्तरें देतात, तें ती मुद्रिका ऐकून कळतें. दुसरी १९७५ च्या जुलैची, 'शक्ति' या संघाची, एल. शंकर यांचें व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम्. वीज जवळ जवळ नाहींशी झालेली. आणि तिसरी आपली १९८९ ची, जींत वीज परत आली आहे, पण दुसऱ्यांना बुजवून टाकण्याची तिची जुनी हौस उरलेली नाहीं.

चुलत्यांच्या मुद्रणाकडे मी परत वळलों तो या तिसऱ्या मुद्रिकेमुळें. एकहार्टचा खर्ज वेगळा काढून ऐकण्याची संवय लागली होती. वाटलें, तीच युक्ति तेथें करून पाहावी. सोळा मिनिटें डोळे मिटून फक्त मृदंगाची वाट पाहत बसलों. पहिल्या खेपेस कांहीं हातीं लागलें नाहीं. दुसऱ्या खेपेस टाळांच्या मागें धुमेचा घुमार कोठें कोठें लागूं लागला. तिसऱ्या खेपेस, अकराव्या मिनिटाच्या सुमारास, विणेकरी पुढचा चरण उचलावयास गेला आणि त्याला शब्द आठवेना. एक अर्धा शब्द आला आणि विरला. टाळकरी गोंधळले, टाळ क्षणभर थबकले. टाळ थबकतांच यंत्राचें तें दार उघडलें, आणि एका आवर्तनापुरता चुलत्यांचा मृदंग अगदीं समोर वाजावा तसा ऐकूं आला. त्यांनीं दुगण सोडली होती. डाव्या हाताचा ठोका तेवढा सांभाळून, उजव्या बोटांनीं हलकेच भरीत, ते जागा धरून बसले होते. आणि आवर्तन संपतां संपतां एक साधी तिहाई घेऊन त्यांनीं विणेकऱ्याला बरोबर चरणाच्या दारांत आणून सोडलें. त्याला शब्द आठवला. टाळ पुन्हां सुरू झाले, दार लोटलें गेलें, आणि पुढचीं पांच मिनिटें पूर्वींसारखाच खणखणाट.

त्या रात्रीं मी तेथें प्रत्यक्ष उभा होतों, अगदीं जवळ, आणि हें मला ऐकूं आलें नव्हतें. विणेकऱ्यांना नंतर विचारलें, तर असें कांहीं झाल्याचें त्यांनाहि आठवेना.